वर्षानुवर्षं चालू असलेल्या सायकोसिसच्या (भास-भ्रमाच्या आजाराच्या) गोळ्या कमी करता येतात का? कोणी केल्यात का?

मेघना_नंदनवन
नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले. माझा मोठा भाऊ, वय ४१, त्याला स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना सुरू झालं, मग मधे दोनदा अॅडमिट करावं लागलं, दोन्ही वेळा गोळ्या सुटल्या होत्या. पण आता आठ-नऊ वर्षांपासून एकदम स्थिर आहे. काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, हिशोब चोख, एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. रिस्पेरिडोन ६ मिग्रॅ आणि सोबत तिच्या साइड इफेक्टवर, थरथरीवर, दिलेली ट्रायहेक्सी चालू आहे.

प्रश्न त्याचा आहे. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाला, "मेघा, मला ह्या गोळ्या मरेपर्यंत एवढ्याच घ्यायच्यात का, एवढं कोणाला तरी विचारून दे." त्याचा हात थरथरतो. चहा आणला की बशीत अर्धा सांडलेला असतो, म्हणून पाहुणे आले की तो उठतच नाही. बँकेत सही जुळली नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून बँकेत जायचं सोडलं. दुपारी दुकानात बसल्याबसल्या डोळा लागतो. लग्नाचं तर नावच काढू देत नाही.

आई म्हणते, चाललंय ते चालू दे, हात थरथरतो तर थरथरू दे, पोरगा घरात तर आहे. डॉक्टरांकडे इतकी गर्दी असते की नंबर लागला की दोन मिनिटांत "ठीक आहे ना? कंटिन्यू" आणि पुढचा पेशंट. ते वाईट आहेत असं नाही, पण विचारायला सवडच मिळत नाही.

कोणी कमी केल्यात का? डॉक्टरांशी कसं बोललात? मला दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, घाबरवणाऱ्यासुद्धा.

वऱ्हाडी_बंड्या
ताई, एकच सांगतो, आपल्या मनानं काही करू नका बाप्पा. माझ्या मामेभावानं ओलान्झापिन, ह्याच आजाराची गोळी, दिवाळीत एकदम बंद केली, कोणाले न सांगता. पहिले दोन-तीन महिने लय मस्त गेले. वजन उतरलं, तोंडावर तेज आलं, सगळे म्हणाले पाहा गोळीची गरजच नव्हती. मग हळूच झोप गेली. रात्री उठून घरातले सगळे मोबाईल बंद करायचा, सांगे की आपलं बोलणं कोणीतरी ऐकून राहिलं. होळीच्या आसपास घरून निघून गेला आन् अजनी स्टेशनवर सापडला, पायात चप्पल नाही. गोळी बंद केली आन् दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणजे सुटलो, असं नसते. हे डोक्यात ठेवा.

राधिकामावशी
मेघना, तुझ्या आईच्या जागी मी आहे. माझा मुलगा ३६ चा. तुम्हा भावाबहिणींना कमी करा म्हणणं सोपं जातं, पण रिलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला, की रात्रभर दाराला पाठ लावून आईच बसते. पहिल्या वेळी आमच्याकडे चार माणसांनी धरून गाडीत घातला होता त्याला. गल्लीतले लोक गच्चीवरून बघत होते. तो आवाज अजून कानात आहे. मला हात थरथरलेला चालेल, सुस्ती चालेल, वजन चालेल. ते दिवस परत नकोत. माझं मत स्पष्ट आहे, नाही म्हणजे नाही.

निळी_छत्री
मावशी, तुमच्या भीतीला माझा नमस्कार, खरंच. पण गोळी घेणारी व्यक्ती म्हणून मी लिहिते, कारण आतापर्यंत या धाग्यावर फक्त घरचे बोललेत.

मला पहिला झटका पंचविशीत आला. मी पण रिस्पेरिडोनवरच होते, ४ मिग्रॅ. आवाज थांबले, ते फार मोठं होतं माझ्यासाठी, गोळ्यांनी मला परत आणलं हे मी कधीच नाकारणार नाही. पण पाळी बंद झाली. वर्षभर कोणी विचारलं नाही आणि मला सांगायची लाज. शेवटी एका लेडी डॉक्टरने प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासलं तर ते कितीतरी वाढलेलं. हे रिस्पेरिडोनने होतं, माहीत असलेला साइड इफेक्ट आहे. मग हळूहळू अॅरिपिप्राझोल ह्या दुसऱ्या गोळीवर आणलं आणि पाळी परत सुरू झाली. पुढे दोन-अडीच वर्षांत डोस कमी करत करत आता अगदी छोटा राहिलाय. पूर्ण बंद केलेला नाही. एकदा त्याच्याही खाली गेलो होतो तर उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत शब्द ऐकू यायला लागले, स्पष्ट माझं नाव. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगितलं, आधीच्या डोसवर परत आलो, दोन-तीन आठवड्यांत कूलर परत कूलर झाला.

मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते की बंद करणं हे माझं ध्येय नव्हतं. मला जागं राहायचं होतं, वाचायचं होतं, आणि रडू येईल तेव्हा रडायचं होतं. ते ह्या डोसवर होतंय. मला पुरेसं आहे.

राधिकामावशी
तू स्वतःहून डॉक्टरला सांगितलंस बेटा. माझा मुलगा आजारी पडला की मला आजारच नाही म्हणतो. तिथे काय करायचं?

निळी_छत्री
हो मावशी, हा फरक खरा आहे. मला कळतं तेव्हा कळतं, सगळ्यांना कळत नाही. म्हणूनच घरच्या एका माणसाला मी आधीच सांगून ठेवलंय की मी रात्री दोनपर्यंत जागायला लागले आणि फोनवर कुजबुजायला लागले तर माझं ऐकू नकोस, डॉक्टरांना फोन कर.

तर्रीपोहे_फॅन
अॅरिपिप्राझोलने वजन उतरतं का हो? माझी बायको ओलान्झापिनवर आहे, रात्री दोन वाजता उठून भाताचं पातेलं संपवते, सकाळी तर्री पोह्यांच्या दोन प्लेटी वेगळ्या. तर्री माझी कमजोरी होती, आता तिची झाली :) पण गंमत बाजूला, शुगर बॉर्डरला आलीय, म्हणून विचारतोय.

डॉ_अंबाझरी
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करतो. इथे कोणाला उपचार सांगत नाही, फक्त जे माहीत आहे ते लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

तर्रीपोहे, ओलान्झापिन आणि क्लोझापिन ह्या गोळ्यांनी भूक आणि वजन सगळ्यात जास्त वाढतं, अॅरिपिप्राझोलने बरंच कमी. वजन, कंबर, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन जाऊनच बदलाचं बोला. बायकोला हावरट म्हणू नका, ती भूक औषधाची आहे.

आता मूळ प्रश्न. गोळ्या चालू ठेवण्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. साधारण वर्षभरात गोळ्या चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के. बंड्याभाऊंचा मामेभाऊ त्या ६४ मधला. पण त्याच आकड्यांकडे परत बघा, बंद करूनही वर्षात आजार न उलटलेले लोक तिसऱ्या हिश्शाहून जास्त होते. ते कोण, हे आधी ओळखायची तपासणी आज आपल्याकडे नाही. आमची खरी अडचण इथे आहे. शिवाय त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत गोळ्या एकदम बंद केलेल्या होत्या.

मग नेदरलँड्समधला वुंडरिंक यांचा अभ्यास, २०१३ चा. पहिलाच झटका येऊन बरे झालेले लोक होते. एका गटात डोस कमी किंवा बंद करायचा प्रयत्न केला, दुसऱ्यात चालूच ठेवला. सुरुवातीला कमी करणाऱ्यांत रिलॅप्स दुप्पट झाले. पण सात वर्षांनी पाहिलं तर रिलॅप्स दोन्हीकडे जवळपास सारखे, आणि कामधंदा, नाती, लक्षणं असं सगळं धरून सावरलेले लोक कमी करणाऱ्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात १८. फार आशा वाटली होती तेव्हा. मात्र तिथे जेमतेम शंभर लोक होते आणि सगळे पहिल्या झटक्याचे.

मेघना, तुमच्या भावाला तीनदा त्रास झालाय, म्हणून त्याच्या जवळचा अभ्यास म्हणजे इंग्लंडमधला रडार, २०२३ चा, जोआना मॉनक्रिफ यांचा. २५३ लोक, बहुतेक जुना आजार असलेले. अर्ध्यांचा डोस हळूहळू उतरवला. दोन वर्षांनी कामकाज आणि लोकांत मिसळणं यात दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि दवाखान्यात भरती करण्याइतका गंभीर रिलॅप्स कमी करणाऱ्यांत २५ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत १३ टक्के.

वऱ्हाडी_बंड्या
म्हणजे धोका दुप्पट आन् फायदा शून्य. मी तेच म्हणून राहिलो न साहेब!

निळी_छत्री
बंड्यादादा, किंवा असं वाचा, कमी करणाऱ्यांपैकी शंभरातल्या पंचाहत्तरांना भरती करावं लागलं नाही. आणि ते अभ्यास सरासरीचे असतात. ज्याचा हात थरथरायचा थांबला त्याच्यासाठी फायदा शून्य नसतो.

डॉ_अंबाझरी
दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर निर्णय आकड्यांवर सोडता येत नाही. ज्याच्या आजारात पूर्वी जिवावर बेतलं होतं, आत्महत्येचा प्रयत्न किंवा मारहाण झाली होती, तिथे मी फार फार जपून वागतो. ज्याला क्लोझापिन चालू आहे त्याने तर एक दिवसही आपल्या मनाने सोडू नये, ते अचानक सोडलं की आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो.

कसं कमी करायचं याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. टोरांटोला शितिज कपूर यांच्या गटाने मेंदूचे स्कॅन करून पाहिलं होतं. रिस्पेरिडोन २ मिग्रॅवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे डी-टू रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, साधारण ६६ टक्के अडलेले असतात, ४ वर ७३ आणि ६ वर ७९. म्हणजे ६ वरून ४ वर आलात तर मेंदूला सहा टक्क्यांचा फरक जाणवतो, आणि २ वरून शून्यावर आलात तर एकदम ६६ टक्क्यांचा. लोक ६ वरून २ वर सुखरूप येतात, आता काय राहिलंय म्हणून शेवटची गोळी फेकतात आणि तिथेच कोसळतात. लंडनच्या होरोविट्झ, मरे आणि टेलर यांनी २०२१ मध्ये हेच मांडलं की जसजसं खाली याल तसतशी पायरी लहान करा, प्रत्येक पायरीवर काही महिने थांबा, सगळं मिळून कित्येक महिने, कधी वर्षंही लागू द्या. यावर अजून मोठे अभ्यास व्हायचे आहेत, पण माझ्या अनुभवाशी जुळतं. आणि डोस उतरल्यावर लगेच झोप उडणं, बेचैनी, मळमळ, घाम येणं हे दरवेळी रिलॅप्सच असतं असं नाही, शरीराला सवय सुटतानाचाही त्रास असतो. तो बघायला डॉक्टर जवळ हवा.

निसर्गप्रेमी_रामटेक
हे सगळं कंपन्यांचं अर्थकारण आहे. तीन महिने ध्यान, प्राणायाम आणि सात्त्विक आहार करा, गोळ्या आपोआप सुटतात. आमच्या ओळखीत सुटल्यात.

राधिकामावशी
भाऊ, माझ्या मुलाला ताजबागेत नेलं, अंगारे झाले, उपास झाले, शिबिरंही झाली. श्रद्धेने केलं सगळं, आजही करते. पण त्याला भाकरीचा घास गोळीनेच गिळता आला, कारण तोवर त्यात विष घातलंय म्हणायचा. असं लिहू नका. कोणाची तरी आई वाचेल आणि उद्या गोळ्या बंद करेल.

निळी_छत्री
मावशी +१००. मी योगासनं रोज करते, झोपेला फायदा होतो. पण ज्याला तीव्र आजार आहे त्याला एकट्याने तासन्तास ध्यानाला बसवू नका, मला ते उलट बाधलं होतं.

मेडिकलवाला_महाल
माझं महालात मेडिकल आहे. समोरून जे दिसतं ते सांगतो. लोक घरी ब्लेडने पेपरवर गोळी तोडतात, एक तुकडा मोठा, एक भुगा. मोठा आज, भुगा उद्या. मग म्हणतात डोस कमी केल्यावर त्रास झाला. पट्टीवर अक्षरं नीट वाचा, जी गोळी सावकाश विरघळणारी आहे ती तोडायचीच नाही. रिस्पेरिडोनचं पातळ औषध पण येतं, एका मिलीत एक मिग्रॅ, सिरिंजने मोजून घेता येतं, दुकानदाराला ऑर्डर द्यायला सांगा.

दुसरं, सिगारेट-बिडी. ओलान्झापिन आणि क्लोझापिनवर असलेल्या माणसानं सिगारेट एकदम सोडली की रक्तातलं औषध वाढतं, कारण धुरामुळे लिव्हर ते औषध लवकर संपवत असतो. सिगारेट सोडाच, पण डॉक्टरला सांगून सोडा.

वऱ्हाडी_बंड्या
आन् खर्रा? अर्धं नागपूर खर्र्यावर चालते भाऊ :)

मेडिकलवाला_महाल
खर्र्यात तंबाखू असली तरी धूर नाही, त्यामुळे औषधावर तो परिणाम नाही. तोंडाच्या कॅन्सरसाठी मात्र सोडा, त्याला डॉक्टरची परवानगी लागत नाही :)

आणि तिसरं राहिलंच, ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ह्या गोळ्यांनी शरीराला तापमान सांभाळणं जड जातं आणि ट्रायहेक्सीने घाम कमी येतो. अशा पेशंटला दुपारी बाहेर पाठवू नका, पाणी-ताक देत राहा. लिथियम (मूडची गोळी) चालू असेल तर पाणी कमी पडू देऊच नका.

डॉ_अंबाझरी
मेडिकलवाल्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्यात भर घालतो. डोस कमी करायची सुरुवात उन्हाळ्यात, लग्नसराईत किंवा घर बदलताना करू नये. झोप मोडते तेच दिवस असतात ते. आणि ट्रायहेक्सी व रिस्पेरिडोन दोन्ही एकाच वेळी उतरवू नका, त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळत नाही.

ओसीडी_चा_दादा
अवांतर विचारतो, ओसीडीच्या (तेच तेच विचार आणि कृती परत परत होण्याच्या आजाराच्या) गोळ्यांनाही हेच लागू का?

डॉ_अंबाझरी
त्या गोळ्या वेगळ्या. हळूहळू उतरवायचं तत्त्व तिथेही लागू आहे, पण वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

काळाकोट_सिव्हिललाईन्स
वकील आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात पेशंटला त्याच्या आजाराची, उपचारांची आणि साइड इफेक्टची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळायचा हक्क आहे. मेघनाताई, तुमच्या भावाने विचारलेला प्रश्न हा त्याचा हक्कच आहे, मेहेरबानी नाही. शिवाय बरा असताना त्याला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो, म्हणजे पुढे आजार उलटला तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत. आणि आपल्यासाठी बोलणारा एक प्रतिनिधी नेमता येतो. निळी_छत्रीने घरच्या माणसाला जे सांगून ठेवलंय, ते कायद्याच्या कागदावर आणता येतं.

सोशलवर्कर_मानेवाडा
मी अशा कुटुंबांसोबत काम करते. माझा अनुभव असा की डोस किती कमी केला यापेक्षा परत वाढवायचं कधी आणि कोण ठरवणार, हे आधी ठरलेलं असलं की घर शांत राहतं. प्रत्येकाची आजार उलटण्याआधीची खूण ठरलेली असते आणि बहुतेक वेळा तीच परत येते. एकजण दाढी करणं सोडतो, एक बाई सगळ्या खिडक्यांना कागद चिकटवतात, एक मुलगा रात्री जुन्या वह्या उघडून बसतो. ही खूण पेशंटने स्वतः लिहावी, घरच्यांनी नाही. घरच्यांनी लिहिली की ती पाळत वाटते.

आणि तपासणीला वेळ मिळत नाही हे खरं आहे. सरकारी असो की खाजगी, गर्दी आहेच. एका कागदावर तीन ओळी लिहून द्या, काय त्रास होतो, काय हवंय, कशाची भीती वाटते. सगळ्यात वर लिहा की औषध बंद करायचं नाहीये, बोलायचंय. रात्री-बेरात्री घाबरलात तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मेघनाचा_भाऊ
नमस्कार. मेघाने धागा दाखवला. तिच्या मोबाईलवरून नाही, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लिहितोय.

राधिकामावशी, तुमचं सगळं वाचलं. माझ्या आईने पण दाराला पाठ लावून रात्री काढल्यात, मला थोडं थोडं आठवतं. मी ते विसरलेलो नाही. मला गोळी नको असं मी म्हटलंच नाही. मला एवढंच वाटतं की मी बरा आहे म्हणून कोणी माझ्याकडे बघतच नाही. आजारी होतो तेव्हा सगळे बघायचे. आता आठ वर्षांत मला कोणी विचारलं नाही की तुला कसं वाटतं, फक्त विचारतात की गोळी घेतली का.

माझी खूण मला माहीत आहे. दुकानात आलेल्या कागदांतले आकडे मला काहीतरी सांगतायत असं वाटायला लागतं. दोन्ही वेळा तिथूनच सुरू झालं होतं. हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय.

राधिकामावशी
बेटा, तुझं वाचून माझ्या मुलाच्या खोलीत गेले. मीही त्याला गोळी घेतली का एवढंच विचारते. माझं मत बदललेलं नाही, पण त्याला कसं वाटतं ते आज विचारलं. म्हणाला, तोंड सारखं कोरडं पडतं. एवढी वर्षं माहीतच नव्हतं मला.

मेघना_नंदनवन
सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा. तीन ओळींचा कागद घेऊन गेलो. दादाने स्वतः लिहिला, अक्षर थरथरतं म्हणून दुकानात टाईप करून प्रिंट काढली. डॉक्टरांनी वाचला आणि आम्हाला गर्दी संपल्यावर परत बोलावलं. अर्धा तास बसलो. आकड्यांची खूण त्यांनी फाईलमध्ये लिहून घेतली. ठरलं असं की आता उन्हाळा आहे तर काहीच करायचं नाही, फक्त रक्त तपासायचं. पाऊस सुरू झाला की ६ वरून ५, मग तीन महिने थांबायचं. पुढची पायरी तेव्हाच बघायची. ट्रायहेक्सीला हात लावायचा नाही. कुठवर उतरायचं हे आज ठरवायचंच नाही म्हणाले, ४ वर हाताची थरथर थांबली आणि दादा म्हणाला बस, तर बस.

आईची एक अट आहे, आकडे बोलायला लागले तर त्याने तिला सांगायचं, मला नाही. दादाने मान्य केलंय. ती अजून घाबरलेली आहे आणि मीसुद्धा.

एक प्रश्न, ५ मिग्रॅसाठी ४ ची आणि १ ची वेगळी घ्यायची की पातळ औषध बरं? नंदनवनात पातळ मिळालं नाही.

मेडिकलवाला_महाल
आत्ता ४ आणि १ च्या गोळ्या घ्या, दोन्ही सहज मिळतात, तोडायचा प्रश्न नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून दोन्ही वेगळ्या लिहून घ्या. घरातल्या जुन्या पट्ट्या बाजूला काढा, नाहीतर चुकून जुना आणि नवा डोस दोन्ही घेतले जातात. पातळ औषध खाली आल्यावर लागेल, तेव्हा आठवडाभर आधी सांगा, मागवून ठेवतो.